अनोळखी अकाउंटवरून सतत पाठलाग: तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरींना नेमकं काय करायला सांगायचं?

पैनगंगाकाठ

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या वरिष्ठ महाविद्यालयासाठी माहितीचं एक पान तयार करायचं आहे. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थिनीच्या हाती द्यायचं. "पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी लोकांशी बोलू नका" अशी पत्रकं भरपूर आहेत, पण त्रास सुरू झाल्यावर काय करायचं हे त्यांत कुठेच नसतं.

आपल्याकडे दिसणारे प्रकार साधारण असे. गॅदरिंगचे फोटो उचलून इन्स्टाग्रामवर मुलीच्या नावाचं खोटं अकाउंट. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून मेसेज, दुसरा केला की तिसऱ्यावरून. सगळीकडून ब्लॉक झाला की फोनपेवर १ रुपया पाठवून त्यासोबत मजकूर. आणि "आज साडेदहाच्या गाडीने आली नाहीस" असे मेसेज, म्हणजे माणूस गावातलाच किंवा बसस्टँडवरचा.

मुलगी घाबरते, सगळं डिलीट करते, सिम बदलते. हे बरोबर की चूक? तालुक्याच्या ठाण्यात गेलं की "सायबरला जा" म्हणतात आणि जिल्ह्याचं ठिकाण पडतं ६०-७० किलोमीटर. सिम वडिलांच्या नावावर, कधी घरात फोनच एक. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे घरी कळलं तर कॉलेज बंद होईल या भीतीने पोरी महिनोन्‌महिने गप्प राहतात.

कोणतं बटण, कोणतं कलम, आधी काय आणि नंतर काय, असं लिहून मिळालं तर फार उपकार होतील.

वहीपेन

डिलीट करणं आणि सिम बदलणं, दोन्ही चूक. पानाच्या अगदी वर क्रम टाका: आधी पुरावा, मग ब्लॉक आणि कुलूप, मग तक्रार. अपवाद एकच. तो माणूस प्रत्यक्ष मागे येतोय, घराबाहेर उभा आहे, तर आधी पोलिसांना ११२ वर फोन. बाकी सगळं नंतर.

सिम बदलून काय होतं ते सांगतो. जुना नंबर जीमेल, बँक, आधार, महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) या सगळ्यांना जोडलेला राहतो. रिचार्ज नाही म्हणून तो बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्या कुणाला देते. तिचे ओटीपी मग त्याच्या हातात. शिवाय त्रास देणारा ओळखीतला असेल तर नवा नंबर त्याला कॉलेजच्या ग्रुपमधून सहज मिळतो.

पुराव्यात सगळ्यांत जास्त चूक होते ती स्क्रीनशॉटची. नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही. मेसेज तारीख-वेळेसकट, पाठवणाऱ्याचं पूर्ण प्रोफाइल, आणि नंबर किंवा युजरनेम स्पष्ट दिसणारं पान, ही तिन्ही चित्रं लागतात. व्हॉट्सॲपवर नंबर कुठल्या नावाने सेव्ह केलेला असला तर स्क्रीनशॉटमध्ये वर ते नावच दिसतं, आणि नाव आपण टाकलेलं असतं. त्यामुळे नावावर बोट ठेवून आतलं नंबराचं पान उघडायचं आणि त्याचाही स्क्रीनशॉट घ्यायचा. कडा कापायच्या नाहीत, लाल गोल करायचे नाहीत.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत प्रोफाइलची लिंक कॉपी करता येते. ती लिंक स्वतःलाच मेल करून ठेवायची आणि युजरनेम वहीत हाताने, अक्षर न्‌ अक्षर बघून लिहायचं. अंडरस्कोर एक आहे की दोन, शून्य आहे की ओ, स्मॉल एल आहे की कॅपिटल आय. इथे एक अक्षर चुकलं तर पोलिसांचं पत्र भलत्याच अकाउंटसाठी जातं आणि दोन महिने वाया. युजरनेम क्षणात बदलता येतं, म्हणून आपण ते किती वाजता पाहिलं हेही लिहायचं. त्याच ठिपक्यांत "या अकाउंटबद्दल" असा पर्याय बऱ्याच खात्यांवर असतो. अकाउंट कोणत्या महिन्यात उघडलं, आधी नाव बदललं का, हे तिथे कळतं.

स्क्रीनशॉटपेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग बरं. फोनमधली तारीख-वेळ दाखवा, चॅट उघडा, वरून खालपर्यंत हळू सरकवा, शेवटी प्रोफाइल आणि नंबर. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सॲपच्या "एकदाच पाहा" फोटोचा स्क्रीनशॉट निघतच नाही. अशा वेळी मैत्रिणीच्या फोनने पडद्याचा फोटो काढायचा, सोबत पाठवणाऱ्याचं नावही चौकटीत येईल असा.

व्हॉट्सॲपचं चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा, पण ती टेक्स्ट फाइल कुणालाही बदलता येते. तिला वजन येतं ते मूळ चॅट फोनमध्ये शाबूत असेल तरच. रिपोर्ट करताना किंवा ब्लॉक करताना "चॅट डिलीट करा" अशी खूण दिसली तर ती काढून टाका. नुसतं ब्लॉक केल्याने चॅट जात नाही.

१ रुपयावाला प्रकार पोरींना सगळ्यांत किळसवाणा वाटतो, आणि तपासाला मात्र तोच सगळ्यांत सोपा. खोटं अकाउंट कुणीही उघडतं, पण यूपीआयच्या मागे केवायसी झालेलं, म्हणजे कागदपत्रांनी ओळख तपासलेलं, बँक खातं असतं. व्यवहार उघडून पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात १२ अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव, वेळ आणि मजकूर आला पाहिजे. रुपया परत पाठवायचा नाही. मग ॲपमधूनच त्याला ब्लॉक करा, फोनपे आणि गुगल पे दोन्हींत सोय आहे.

सोबत एक साधी वही. प्रत्येक घटनेला एक ओळ: तारीख, वेळ, कुठे, नंबर किंवा लिंक, मजकूर थोडक्यात, कुणी पाहिलं. "आज साडेदहाच्या गाडीने आली नाहीस" यासारख्या ओळी तर नक्कीच. १५ दिवसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की तो माणूस कोणत्या वेळी कुठे असतो ते पानावर दिसू लागतं. मेसेज कॉलेज सुटल्यावरच येतात की गुरुवारी येतच नाहीत, असल्या गोष्टींवरून गावातल्या ठाण्यालाही माणूस हुडकता येतो.

कंपनीकडे रिपोर्ट मात्र पुरावा हातात आल्यावरच करा. अकाउंट काढलं गेलं की आपल्याला ते दिसत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार काढलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जपून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे, पण तेवढ्या मुदतीत पोलिसांचं पत्र तिकडे पोचायला हवं. "आधी परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणून दोन सेमिस्टर काढली की ती माहिती गेली.

रिपेअरिंग काउंटर

वहीपेन भाऊंनी पुराव्याचं सांगितलं, मी कुलपांचं सांगतो. तालुक्याच्या गावात आत शिरण्याची वाट बहुतेक वेळा हॅकिंगची नसते. ती वाट नेट कॅफेतून, झेरॉक्सच्या दुकानातून आणि जुन्या हँडसेटमधून जाते.

शिष्यवृत्तीच्या दिवसांतलं नेट कॅफे डोळ्यांपुढे आणा. मुलीचा ईमेल नसतो, म्हणून फॉर्म भरणारा तिथल्या तिथे जीमेल उघडतो. पासवर्ड ठरलेला, तिचं नाव आणि पुढे १२३. रिकव्हरीला नंबर कधी दुकानाचाच. महाडीबीटीचा युजर आणि पासवर्ड त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला, आणि ते रजिस्टर काउंटरवर उघडं. आधार, पासबुक, फोटो व्हॉट्सॲपवरून दुकानाच्या नंबरावर पाठवलेले, तिथल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये वर्षभर पडून. दुकानदार सज्जन असला तरी त्या खुर्चीवर दिवसभरात वीस जण बसतात. पुढे तोच जीमेल मुलगी फोनमध्ये टाकते आणि तिचे सगळे फोटो त्या खात्यावर चढायला लागतात.

म्हणून कुलपं लावायची ती जीमेलपासून. इन्स्टाग्रामचा पासवर्ड आधी बदलला आणि जीमेल अजून दुसऱ्याच्या हातात असलं, तर तो "पासवर्ड विसरलो" दाबून दोन मिनिटांत परत आत येतो. भरवशाच्या फोनवरून गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल आपलेच आहेत का बघा. "तुमची डिव्हाइस" या यादीचा आधी स्क्रीनशॉट घ्या, मग आपलं नसेल ते साइन आउट करा. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. कॉम्प्युटरवर जीमेलची सेटिंग उघडून "फॉरवर्डिंग" रिकामं आहे ना तेही बघा, कारण तिथे दुसऱ्याचा पत्ता टाकलेला असेल तर पासवर्ड बदलला तरी मेल तिकडे जातच राहतात.

त्यानंतर व्हॉट्सॲप. सेटिंगमधल्या "लिंक केलेली डिव्हाइस" मध्ये कुठला कॉम्प्युटर दिसतो का? एका नंबरावर चारपर्यंत डिव्हाइस जोडता येतात, आणि जोडायला फोन मिनिटभर हातात पुरतो. परत स्क्रीनशॉट, मग लॉग आउट. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा ६ अंकी पिन टाका. जन्मतारीख नको, ती ओळखपत्रावर छापलेली असते. प्रोफाइल फोटो, स्टेटस आणि "ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं" हे तिन्ही "माझे संपर्क" वर आणा. अनोळखी कॉल मूक करण्याचीही सोय आहे. सगळ्यांत शेवटी इन्स्टाग्राम आणि फेसबुक: कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी, मग पासवर्ड.

जुना फोन भावाला, आतेभावाला दिलेला असतो, आणि त्यात मुलीचं गुगल खातं तसंच राहतं. फोटो इथे काढला की तिकडे दिसतो. घरात एकच जीमेल सगळ्यांच्या फोनमध्ये असलं तरी तेच होतं. "माझा फोटो त्याच्याकडे गेला कसा" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. फोन दुरुस्तीला देताना पॅटर्न सांगायची पाळी आली तर आधी सेटिंगमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड आहे का बघा. नसेल तर खाती काढून, सिम आणि मेमरी कार्ड काढून द्या.

फोनमध्ये नजर ठेवणारं ॲप असल्याचा संशय असेल तर चार ठिकाणं तपासा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट कुणी बंद केलंय का. "अनोळखी ॲप इन्स्टॉल करणं" कुठल्या ॲपला चालू आहे. ॲक्सेसिबिलिटीमध्ये अनोळखी सेवा आहे का. डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत कोण कोण आहे. बहुतेक वेळा ही ॲप "सिस्टम सर्व्हिस" असलं साळसूद नाव घेऊन बसतात. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका जर एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवणारी फाइल) असेल तर ती पत्रिका नाहीच, उघडायची नाही. सापडलेलं ॲप लगेच काढू नका. दुसऱ्या फोनने त्याचे फोटो घ्या, कारण ते काढलं की पुरावा जातो आणि बसवणाऱ्यालाही कळतं. फॅक्टरी रीसेट तर अगदी शेवटचा उपाय. घाईने केलेल्या रीसेटमध्ये चॅट, कॉल लॉग, सगळं पुसलं जातं.

ठावठिकाणा: गुगल मॅप्समध्ये प्रोफाइलवर दाबून "लोकेशन शेअरिंग" बघा, स्नॅपचॅटच्या नकाशावर घोस्ट मोड लावा. आणि स्टेटसला फोटो टाकताना मागे काय दिसतं ते बघा. गाडीची पाटी, फलाट, कॉलेजचं ओळखपत्र. जायचं तेव्हा टाकायच्या ऐवजी घरी पोचल्यावर टाका.

आधार कार्डाची झेरॉक्स गावभर फिरलेली असते, त्यामुळे संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्यावं. नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते, आणि जो नंबर आपला नाही त्याची तक्रार तिथेच नोंदवता येते. सिम वडिलांच्या नावावर असेल तर यादीही वडिलांच्या नावाची येईल.

तालुका कोर्ट

"सायबरला जा" याबद्दल. आयटी कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, असं त्याच कायद्याचं कलम ७८ सांगतं. आपल्याकडच्या बऱ्याच ठाण्यांचे प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतात, म्हणून ते जिल्ह्याकडे बोट दाखवतात. पण तो प्रश्न तपासाचा आहे, एफआयआर नोंदवण्याचा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र (पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंदवावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

कलम कोणतं, ते आता. योगायोगाने इथेही आकडा ७८ च, पण भारतीय न्याय संहितेचा. पाठलाग हा २०१३ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला, तेव्हा ते जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५४ ड होतं. १ जुलै २०२४ पासून कलम ७८. त्याचे दोन भाग आहेत. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं किंवा मागे लागणं, हा एक. तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक वापरावर नजर ठेवणं, हा दुसरा, आणि यात नकार दिला होता की नाही हे बघायचं नसतं. पहिल्या भागासाठी एकदाच, एकाच ओळीत लिहून पाठवावं: "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको, पुन्हा मेसेज किंवा कॉल करू नका." सौम्य करायला "प्लीज", "सध्या अभ्यास आहे" असलं काही जोडू नका, "सध्या"चा अर्थ बचावाचा वकील वेगळा काढतो. त्यानंतर एक शब्दही नाही. शिव्याही नाहीत.

पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दुसऱ्या वेळी ५ वर्षांपर्यंत. पहिल्या वेळचा गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. हे मुलीला आधीच सांगितलं पाहिजे. तो त्याच दिवशी सुटू शकतो आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर दिसू शकतो. तेव्हा पहिले काही दिवस ती कोणाबरोबर ये-जा करणार हे तक्रारीच्या आधी ठरवा, आणि सुटल्यावर त्याने काही केलं तर ती नवी घटना म्हणून लगेच लेखी द्या.

ठाण्यात होणारी नेहमीची गोष्ट म्हणजे एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. साध्या धमकीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणून तेवढंच लिहून एनसीची पावती हातात देतात, आणि एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून अर्जातच घटना अशा लिहा की पाठलाग दिसेल: "अमुक तारखेला नकार कळवला, त्यानंतर अमुक तारखांना इतक्या वेळा संपर्क." कलम आपण लिहिलंच पाहिजे असं नाही, पण "कलम ७८ प्रमाणे दखलपात्र" ही एक ओळ असली तर बोलणं सोपं जातं. खोट्या अकाउंटला आयटी कायद्याची ६६ सी आणि ६६ डी, खासगी अंगाचा फोटो परवानगीशिवाय काढला किंवा पसरवला तर ६६ ई, अश्लील मजकुराला ६७ आणि ६७ ए. नेटवरच्या जुन्या नमुना अर्जांत अजून ६६ ए सापडतं, ते लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आहे.

या गुन्ह्याची माहिती बाई स्वतः देत असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. नंतर साक्षीदार म्हणून जबाबाला तिला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे यावं लागतं. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज, रजिस्टर एडीने, पावती जपून ठेवून. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

फोन जप्त होईल या भीतीने घरचे मागे सरतात, कारण त्याच फोनवर बँकेचे मेसेज आणि पीक विम्याचे ओटीपी येतात. सिम आपल्याकडे ठेवू देण्याची विनंती लेखी करा. जप्तीचा पंचनामा आणि पावती घ्या. काम झाल्यावर फोन सुपूर्दनाम्यावर (लागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर) परत मागता येतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा सांकेतिक आकडा, लिहायची असते. मुलीने त्यात अडकून तक्रार थांबवू नये, ते वकील आणि तपास अधिकारी बघतात. तिचं काम एवढंच की मूळ फाइल मूळ जागी राहावी.

वकिलाची फी हा अडसर नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. फोनवर विचारायचं तर १५१००.

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे. नाव न देताही तक्रार होते, पण मग तिचा पाठपुरावा करता येत नाही. नाव दिलं तर पोचक्रमांक मिळतो, तो वहीत लिहा. पोर्टलवर टाकलं म्हणजे एफआयआर झाली असं नव्हे. १९३० हा नंबर पैसे गेले असतील तर, आणि तोही शक्यतो पहिल्या तासाभरात.

पैनगंगाकाठ

फार मोलाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी राहिल्या. आमच्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथल्या मुली १८ च्या आत. मुलांनाही हा त्रास होतो, त्यांनी कुठे जायचं? आणि फोटो आधीच पसरला असेल तर?

तालुका कोर्ट

१८ च्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा. मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक हेतूने, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही, वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणं हे त्याच्या कलम ११ मध्ये आहे, कलम १२ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे मुलाला आणि मुलीला सारखंच संरक्षण आहे. कलम १९ मुळे माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. प्राचार्यांनी "आपसांत मिटवू" म्हणणं इथे स्वतःलाच महागात पडतं.

१८ वरच्या मुलांना न्याय संहितेचं ७८ लागत नाही, ते कलम फक्त स्त्रीच्या बाबतीत आहे. पण धमकी, खंडणी, ६६ सी, ६६ डी, ६६ ई, ६७ ए ही सगळी लागतात. मुलांमध्ये जास्त दिसतो तो व्हिडिओ कॉलचा सापळा: अनोळखी कॉल, पलीकडे उघडी बाई, रेकॉर्डिंग, मग पैशांची मागणी. एकदा पैसे दिले की दुसरी मागणी येतेच. पैसे द्यायचे नाहीत, पुरावा ठेवायचा, तक्रार करायची.

वसतिगृह

पसरलेल्या फोटोचं मी सांगते. स्टॉप एनसीआयआय नावाची सेवा आहे, १८ वर्षांवरील लोकांसाठी. फोटो त्यांना द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोची हॅश, म्हणजे एक सांकेतिक आकडा, तयार होते आणि तेवढीच फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जाते. तोच फोटो कुणी तिथे चढवायला गेलं तर ओळखला जातो. १८ च्या आतल्यांसाठी तशीच टेक इट डाउन. दोन्हींना मूळ फोटो आपल्याजवळ असावा लागतो, म्हणून लाजेने तो डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर खासगीत फिरणाऱ्या फोटोला मात्र याने आळा बसत नाही, तिथे पोलीसच. उघड्या किंवा छेडछाड केलेल्या फोटोची, खोट्या अकाउंटची तक्रार आल्यावर काढून टाकायला २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ मध्ये ती आणखी कमी झाली. तक्रार करताना "मला आवडत नाही" हा पर्याय दाबू नका. "माझं सोंग घेतलंय" किंवा "नग्नता, परवानगीशिवाय" हा नेमका पर्याय निवडा, नाहीतर ती तक्रार भलत्याच रांगेत जाते.

कॉलेजात करायचं तर, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती हवीच, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी सदस्यही. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने, घटना चालूच असतील तर शेवटच्या घटनेपासून. चौकशी ९० दिवसांत. त्रास देणारा त्याच कॉलेजातला असेल तर चौकशी चालू असताना त्याची तुकडी बदलणं, संपर्काला मनाई करणं हे होऊ शकतं. कृपा करून मुलीची तुकडी बदलू नका, मुलीला घरी बसवू नका.

आणि कॉलेजनेच उघडी ठेवलेली दारं आधी बंद करा. ३०० जणांचा वर्गाचा ग्रुप म्हणजे ३०० जणांच्या हातात प्रत्येक पोरीचा नंबर. सूचना व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपवर टाका, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या याद्या नोटीस बोर्डावर लावताना मोबाइलचा रकाना काढा. गॅदरिंगचे फोटो कॉलेजच्या उघड्या पेजवर टाकताना खाली नावं आणि वर्ग लिहू नका. शिष्यवृत्तीच्या दिवसांत कॉलेजच्या संगणक कक्षात दोन आठवडे फॉर्म भरायची सोय केलीत, ईमेल मुलीच्या हाताने उघडवलात, तर रिपेअरिंग काउंटर भाऊंनी सांगितलेलं अर्धं दुखणं मुळातच राहणार नाही.

घरी सांगण्याचं सगळ्यांत अवघड. पोरीने एकटीने सांगू नये. समितीतली बाई किंवा तिची मावशी, आत्या, जिचं घरात ऐकलं जातं अशी कुणीतरी सोबत असावी. आईवडिलांपुढे फोन उघडून मेसेज वाचायला देऊ नका, एका वाक्यावरून घर पेटतं. वही ठेवा पुढे. तारखा आणि आकडे बघून बापाला कळतं की पोरीने ४३ वेळा उत्तर दिलं नाही. बोलण्याची सुरुवात "तुमच्या मुलीला त्रास आहे" याने करू नका. "एका माणसाची तक्रार करायची आहे, पोरीने सगळे कागद तयार ठेवले आहेत, कॉलेज सोबत येतं आहे" असं म्हणा. भाऊ आणि त्याचे मित्र स्वतः जाऊन हात उचलतील ही भीती खरी असते. तसं झालं तर उलट गुन्हा भावावर दाखल होतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते, हे त्याच बैठकीत शांतपणे सांगा.

पोरगी झोपत नाही, जेवत नाही, जिवाचं बरंवाईट बोलते असं दिसलं तर पुरावा, तक्रार सगळं थांबवा, तिला एकटं सोडू नका. टेली मानस १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

रिपेअरिंग काउंटर

पैनगंगाकाठ, पान छापून झालं की एक करा. घडी घालून ओळखपत्राच्या मागच्या खिशात बसेल एवढंच ठेवा, कारण मोठं पत्रक घरी सापडलं की "हे काहून आणलं" असा प्रश्न येतो. मागच्या बाजूला नंबर फक्त हे: ११२, १९३०, १८१ (महिला हेल्पलाइन), १५१००, १४४१६ आणि समितीचा. समितीचा नंबर कुण्या मॅडमचा खासगी नको. कॉलेजच्या नावावर वेगळं सिम घ्या, मॅडम बदलल्या तरी नंबर तोच राहील. त्याचं रिचार्ज वार्षिक टाका आणि जूनमध्ये स्वतः फोन लावून बघा.

पैनगंगाकाठ

सिमचा अर्ज उद्याच प्राचार्यांपुढे ठेवते. पानाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते. तालुका कोर्ट, त्यातली कलमं एकदा नजरेखालून घालाल का?

तालुका कोर्ट

टाका. नकाराची ती एक ओळ पानावर चौकटीत छापा, जशीच्या तशी, म्हणजे पोरीला शब्द शोधावे लागणार नाहीत.